नावापुरती जागा

गणपतीच्या दिवसांत मी आमच्या गल्लीतली बाई असतो. बाकीचं वर्षभर सांगलीतल्या एका फ्लेक्सच्या दुकानात संगणकापुढे बसून पुढाऱ्यांचे चेहरे गोरे करतो. वाढदिवस, निवड, फेरनिवड, पक्षप्रवेश, घरवापसी. कुणाच्या डोक्यावर कुणाचा फोटो ठेवायचा आणि खाली शुभेच्छुकांची गर्दी कशी बसवायची, यात माझा हात धरणारा अख्ख्या सांगलीत कुणी नाही, हे मी नम्रपणे सांगतो. पक्ष बदलला तरी फोटो तोच, हसू तेच. पाठीमागचा रंग तेवढा बदलायचा. एका साहेबांना मी इतक्या रंगांवर बसवलंय की आता त्यांच्या माणसाचा फोन आला की मी नमस्काराच्याही आधी रंग विचारतो.

मूळचा मी साताऱ्याचा. आई अजून तिथंच असते. दरवर्षी गौरीच्या आधी तिचा फोन येतो आणि दरवर्षी ती तेच बोलते. "घरची गवर वाट बघतीया, अन् तू दुसऱ्याच्या मांडवात गवर हून बसतुस व्हय रं?" मी हसतो. तीही हसते, पण फोन ठेवताना गप्प होते. तिला काय कळलंय आणि काय नाही, हे मी कधी विचारलेलं नाही.

आमचं मंडळ जिवंत देखावा करतं. मूर्तीशेजारी छोटा रंगमंच बांधतात, त्यावर खरी माणसं उभी राहतात, पण संवाद सगळे आधीच रेकॉर्ड केलेले. स्पीकरवर आवाज लागतो, आम्ही ओठ हलवतो आणि हातवारे करतो. खेळ संपला की पडदा, बाहेरची रांग आत, पुन्हा पहिल्यापासून. बाकीची मंडळं गड-किल्ले आणि लढाया दाखवतात. आमच्या मंडळाला ढाली-तलवारी परवडत नाहीत, म्हणून आम्ही राजकारण दाखवतो. लिहायचं काम माझ्याकडे. शेवटी समाजप्रबोधन पाहिजे, एवढी एकच अट आमचे अध्यक्ष घालतात. त्यामुळे शेवटी कुणीतरी मतदानाचा हक्क बजावा असं म्हणतं, आणि तेवढं सोडून बाकी सगळ्याला लोक हसतात.

या वर्षीच्या देखाव्याचं नाव होतं 'साहेबांचा संसार'. साहेब म्हणजे पुढारी आणि मतदार म्हणजे त्यांची लग्नाची बायको. नवरा पाच वर्षांतून एकदा घरी येतो, पाया पडतो, पोरांना खाऊ देतो आणि सकाळी उठून बघावं तर दुसऱ्याच घरात नांदायला गेलेला असतो. देवदर्शनाला म्हणून निघतो आणि हॉटेलात सापडतो. बायको बिचारी हळदीकुंकवाला जाते, तिथं बायका उखाण्याचा आग्रह करतात, आणि नवरा सध्या कुठं आहे हेच तिला माहीत नसतं.

"सकाळी कपबशी, दुपारी पंखा, संध्याकाळी खाट, साहेबांचं नाव घेते, पण सांगा, आज कुठली धरली वाट?"

हा माझा उखाणा. याला हमखास टाळी पडायची.

बायको मीच. नऊवारी मी स्वतः नेसतो. माझा काष्टा बघून गल्लीतल्या बायका एकमेकींना कोपर मारतात, आणि दोघींना तर मी शिकवलाय. लुगडं नेसून मी ठुमकत मंडपात शिरलो की जे लोक एरवी माझ्या चालण्यावर पाठीमागून हसतात, तेच पुढे येऊन सेल्फी काढतात. "वहिनी, जरा हिकडं बघा की!" म्हणतात. मी बघतो, डोळाही मारतो. दहा दिवस मला सगळं माफ असतं. विसर्जन झालं की पुन्हा पँट, पुन्हा खाली मान. मला या ढोंगाचा राग येतो, पण खोटं कशाला बोलू, त्या दहा दिवसांची मी वर्षभर वाटही बघतो.

साहेब व्हायचा तो. आटपाडीकडचा. घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं, आता थोडी मेंढरं आणि थोडी डाळिंबाची बाग. तो स्वतः कुपवाडच्या एका कारखान्यात लेथवर होता. अंगानं आडदांड, आवाज असा की माईक नको. जाकीट घालून, कपाळाला आडवा टिळा लावून तो हात जोडायचा तेव्हा साक्षात आमच्या दुकानातला फ्लेक्स चालत आल्यासारखा दिसायचा. आम्ही दोघं एका खोलीत राहायचो. गल्लीच्या लेखी रूम पार्टनर. घरमालकिणीच्या लेखी दोन गुणी पोरं, पाण्याची मोटर वेळेवर बंद करणारी. आमच्या लेखी काय ते आम्ही मोठ्यानं कधी म्हटलं नाही. स्वयंपाक माझा, भांडी त्याची, आणि रविवारी मटण त्याच्या हातचं. इतकी वर्षं असंच चाललं होतं आणि मला दुसरं काही नको होतं.

खोलीत मी त्याला नावानं हाक मारत नसे. "ऐकलंत का" म्हणायचो. आधी थट्टेत, जुन्या बायका म्हणतात तसं. मग सवयच लागली. तो चिडवायचा, "लय दिवस झालं, माझं नाव तरी ठावं हाय का तुला?" मी म्हणायचो, नवऱ्याचं नाव असं चारचौघांत घेत नाहीत, घ्यायचं तर उखाण्यात घेतात. "चारचौघं कुठं हायती? आपुन दोघंच हाय की!" तो म्हणायचा. तरी मी घेतलं नाही. त्याच्या नावाची मला खरंच लाज वाटायची, नव्या नवरीला वाटते तशी.

आणि मग श्रावणात आम्ही रेकॉर्डिंगला गेलो. विश्रामबागेत एका बंगल्याच्या वरच्या खोलीत स्टुडिओ होता, भिंतींना फोम चिकटवलेला. मी माईकपुढे, तो बाजूला उभा. अध्यक्ष कोपऱ्यात स्टुलावर. पहिला उखाणा झाला. दुसरा असा होता:

"कृष्णेच्या काठावर वाळत घातली साडी, साहेबांचं नाव घेते, कुठल्या पक्षात आज त्यांची गाडी?"

मीच लिहिलेला, आरशापुढे शंभरदा म्हटलेला. पण 'साडी' म्हटलं, त्याच्याकडे बघितलं, आणि 'साहेबांचं' म्हणायच्या जागी तोंडातून त्याचं नाव गेलं. त्याचं खरं नाव, पुढं 'राव' लावून. या लिखाणात ते नाव कुठंही नाही आणि येणारही नाही.

अध्यक्ष इतके हसले की स्टुलावरून पडता पडता राहिले. "ठेवा, ठेवा! तसंच ठेवा! गल्ली फुटंल की वं हसून!" रेकॉर्डिंगवाल्यानं अंगठा दाखवला. बाजूला उभा असलेला तो हसत होता, पण त्याचे कान लाल झाले होते. परत येताना त्याच्या गाडीवर मी मागे बसलो होतो. कॉलेज कॉर्नरच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा त्यानं मागे हात करून माझा गुडघा घट्ट धरला आणि सिग्नल सुटेपर्यंत सोडला नाही.

अध्यक्ष म्हणाले तसंच झालं. देखावा सुरू झाला आणि पहिल्याच खेळाला त्या उखाण्यावर गल्ली फुटली. सगळे त्याला ओळखत होते. बाया पदरात तोंड घालून हसल्या, म्हाताऱ्यांनी शिट्ट्या मारल्या. त्यानंतर रोज संध्याकाळी, प्रत्येक खेळाला, दोन मोठ्या स्पीकरांतून माझा आवाज त्याचं नाव घ्यायचा. मी ओठ हलवायचो आणि तो साहेबांच्या थाटात मिशीवरून हात फिरवायचा. लोकांना तो विनोद वाटायचा. माझं मात्र गणपतीसमोर, सगळ्या गल्लीच्या साक्षीनं, ज्या मंडळींनी मला कधी लग्नाच्या पंगतीत धड शेजारी बसवलं नाही त्यांच्या टाळ्यांत, रोज लग्न लागत होतं. इतका आनंद मला माझ्या आयुष्यात कधी झाला नव्हता. तो कुणाला सांगता येत नव्हता, तरी झाला.

गौरीपूजनाच्या दिवशी देखाव्याला सुट्टी असते, तेव्हा घरच्या गौरी-गणपतीसाठी तो गावी जाऊन आला. आला त्या सकाळी मी चहा टाकत होतो. तो दारात बसून बुटाची नाडी बांधत होता, पहिल्या पाळीला निघायचं होतं.

"सुपारी फुटली," तो म्हणाला.

मला वाटलं, कुठल्या तरी पुढाऱ्याची बातमी सांगतोय. मी विचारलं, "कुणाची?"

"माझीच."

चहा उतू गेला. गॅस बंद करायला तोच उठला.

थोरल्या भावानं बैठक बसवली होती. मुलगी बघितली, पसंतही करून टाकली, सुपारी फोडली, आणि हे सगळं त्याच्या समोर, तो मान खाली घालून बसलेला असताना. आई म्हणाली होती, निम्मी मेंढरं गेली, बाप गेला, आता तुझं तरी बघू दे. "मला न्हाई म्हणता आलं न्हाई गड्या," तो म्हणाला. "तोंडच उघडलं न्हाई."

"आणि मी?"

"तू हायसच की."

"कुठं?"

त्यानं फडकं घेऊन उतू गेलेला चहा पुसायला घेतला. मला असा राग आला की हातातली गाळणी मी भिंतीवर मारली. मी म्हणालो, "आमचे साहेब बरे. पक्ष सोडताना निदान पत्रकार परिषद तरी घेतात. सगळ्यांसमोर म्हणतात, घुसमट होत होती."

तो हसला. खरंच हसला, कारण तो माझ्या सगळ्या विनोदांना हसायचा. मग हसता हसता तोंडावर हात घेऊन रडायला लागला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही. त्याला पाळीला उशीर झाला आणि चहा तसाच पातेल्यात राहिला.

जे पुढारी दर पंधरा दिवसांनी घर मोडतात त्यांना मी स्वतःच्या हातानं हार घालून फ्लेक्सवर बसवतो. त्यांच्या प्रत्येक नव्या संसाराला गावभर शुभेच्छा. आम्ही दोघांनी इतकी वर्षं एका खोलीत, एका पातेल्यात, कुणालाही त्रास न देता संसार केला, आणि तो मोडताना साधी बातमीसुद्धा नाही. हे मी देखाव्यात घातलं असतं तर लोक किती हसले असते.

दोन दिवसांनी तो दुपारच्या सुट्टीत दुकानात आला. मालक घरी जेवायला गेले होते. तो माझ्या शेजारी स्टूल ओढून बसला आणि संगणकाच्या पडद्याकडे बघत राहिला. तिथं एका नेत्याचा घरवापसीचा फ्लेक्स अर्धवट पडला होता.

"ती लोकं आज देखावा बघाय येणार हायती," तो म्हणाला. "तिच्या घरची. तीबी. थोरला घिऊन येतोय."

"येऊ देत."

"तेवढं नाव काढ."

मी म्हणालो, कशाला काढायचं, सगळे हसतात, तेही हसतील.

"ती हसतील रं. मला हसाय यायचं न्हाई. तू नाव घेतलंस की माझं तोंड कसं हुतंय तुला ठावं न्हाई. थोरल्याला माझं तोंड वाचता येतंय. ल्हानपणापास्नं."

नाव घेतल्यावर त्याचं तोंड कसं होतं ते मला चांगलंच माहीत होतं. त्याचीच तर मी रोज वाट बघायचो.

रेकॉर्डिंग माझ्याच संगणकात होतं, कारण संगीत वगैरे मीच जोडलं होतं. मी ती जागा काढली. पडद्यावर आवाजाच्या हिरव्या रेषा दिसतात, कुठं उंच, कुठं बसक्या. त्याचं नाव मध्येच उंच दिसत होतं, कारण मी ते जोरात घेतलं होतं. मी एकदा वाजवलं. दोघांनी ऐकलं. मग मी ते पुसलं.

"आता त्या पहिल्या उखाण्यातलं 'साहेबांचं' उचलून हितं चिकटीव," तो म्हणाला. हे काम सोपं होतं. रोज मी हेच करतो, एक चिन्ह पुसून त्या जागी दुसरं बसवतो, आणि जोड कुठं आहे हे छापणाऱ्यालाही कळत नाही. पण तिथं दुसरं काही बसवायला माझा हात चालेना.

"राहू दे जागा तशीच," मी म्हणालो.

"लोकास्नी वाटंल, बाई विसरली."

"वाटू दे."

नाव जेवढं होतं त्याहून जास्त जागा मी रिकामी सोडली. मुद्दाम सोडली. तो बघत होता.

संध्याकाळी ब्लाऊज घातला तर खांद्यावरून उतरायला लागला. मी तसाच पेठेतल्या चाचांकडे गेलो. चाचा म्हणजे आमचे शिंपी. मंडळाचे सगळे कपडे तेच शिवतात, आणि माझ्या मापाबद्दल त्यांनी कधी थट्टा केली नाही. बायकांचं माप घेतात तितक्याच गंभीरपणे माझं घेतात. त्यांनी मला आरशापुढे उभं केलं आणि दातांत टाचण्या धरून बाजूची शिवण आत घेतली.

"लय बारीक झालास रं," ते म्हणाले. "जेवत न्हाईस का?" मग टाचण्या काढून, नीट माझ्याकडे बघून म्हणाले, "आज ताठ उभा ऱ्हा. खांदं पाडू नगंस. खांदं पडलं की बलाऊज झोळ मारतंय."

मला रडू फुटलं. चाचांनी शिलाई मशीन जोरात चालवायला सुरुवात केली, दुकानाबाहेरच्या माणसाला माझा आवाज जाऊ नये म्हणून. मी डोळे पुसले, काजळ नंतर घालायचं होतं हे बरं झालं, आणि मंडपात गेलो.

पाहुण्यांसाठी अध्यक्षांनी पहिल्या रांगेत खुर्च्या टाकल्या होत्या. थोरला भाऊ पांढऱ्या टोपीत, हात मांडीवर. त्याच्या शेजारी मुलीचे आईवडील आणि मग ती. हातात हिरव्या बांगड्या, केसांत अबोली. तिला वाईट ठरवायचं असं मी ठरवून गेलो होतो. पडद्याच्या फटीतून मी तिच्यात खोट शोधत होतो. पण खेळ सुरू झाला आणि ती हसायला लागली. बरोबर जागी हसत होती. साहेब देवदर्शनाला म्हणून हॉटेलात सापडतात तिथं तर बाकीच्यांना कळायच्या आधीच तिला कळलं आणि तिनं आईला समजावून सांगितलं. माझं लिखाण इतकं नीट कळलेला प्रेक्षक मला त्या वर्षात दुसरा मिळाला नव्हता. मला तिचा धड रागही येईना.

पहिला उखाणा झाला. टाळी पडली. मग दुसरा लागला.

"कृष्णेच्या काठावर वाळत घातली साडी…"

आणि स्पीकर गप्प झाले.

नाव काढलंय हे मंडळात कुणालाच माहीत नव्हतं. अध्यक्षांनी घाबरून वायरी बघितल्या. मागून कुणीतरी ओरडलं, "अडाकली! बाई अडाकली!" लगेच दुसरा, "नाव घ्या! नाव घ्या!" आणि मग सगळा मंडप तेच म्हणायला लागला, लग्नात म्हणतात तसं. त्या गोंधळात पहिल्या रांगेतून तिचा आवाज आला. ती खुर्चीत पुढं सरकून, तोंडाजवळ हात धरून, मनापासून हसत मला म्हणत होती:

"घ्या की वहिनी नाव! लाजताय काय येवढं!"

तो माझ्यासमोर हातभर अंतरावर उभा होता. साहेबांनी उखाण्याच्या वेळी बायकोकडे बघायचं असतं, त्यामुळे त्याला माझ्याकडे बघावंच लागत होतं. स्पीकरच्या गोंगाटात रंगमंचावर आम्हाला एकमेकांचं बोलणं कधीच ऐकू यायचं नाही. इतक्या वर्षांत आम्ही एकमेकांचे ओठ वाचायला शिकलो होतो. थोरला पुढून त्याच्या तोंडाकडे बघत होता. मला ते दिसत होतं, आणि माझ्याकडे बघतानाही त्याला ते ठाऊक होतं.

मी नाव घेतलं. आवाज नाही, नुसते ओठ. 'राव' लावलं नाही, फक्त नाव, जसं मी त्याला खोलीत कधी म्हणालो नव्हतो तसं. त्यानं वाचलं. त्याच्या तोंडावरची एक रेषसुद्धा हलली नाही.

मग स्पीकर सुरू झाले. "…चं नाव घेते, कुठल्या पक्षात आज त्यांची गाडी?" लोक हसले, ती टाळ्या वाजवत हसली. पुढचं वाक्य साहेबांचं होतं, 'माझ्या तमाम बंधू-भगिनींनो'. त्यानं हात जोडले आणि माझ्याकडे पाठ करून तो लोकांकडे वळला. त्यानं तिथं तसंच वळावं, असं मीच लिहिलं होतं.